पिल बगच्या टाकीत सोबतीला कोणाला ठेवायचं? नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

पिल बग, म्हणजे हात लावला की गोळी होणारे ते छोटे जीव, पाळायला घेऊन दोन-तीन महिने झाले की बहुतेकांच्या मनात तेच येतं, टाकी एवढी मोठी आहे, पानं आहेत, ओलावा आहे, मग यात एखादी गोगलगाय सोडली तर? किंवा उलट, घरात आधीच गेको (पाळीव पालीचा प्रकार) किंवा बेडूक असतो आणि कोणीतरी सांगतं की आयसोपॉड (म्हणजे पिल बग आणि त्याचे भाऊबंद) टाक, टाकी आपोआप साफ राहते. दोन्ही जमतं, मी दोन्ही केलंय. पण सगळे जो प्रश्न विचारतात, "हा त्याला खाईल का?", तो अर्धाच प्रश्न आहे. पूर्ण प्रश्न असा आहे की कात टाकताना कोण कुठे लपणार आणि त्या वेळेला बाकीच्यांचं पोट भरलेलं असणार का. मी पाहिलेले जवळपास सगळे अपघात याच एका जागी झालेत, म्हणून हा लेखही फिरून फिरून कातीवरच येईल.

आधी थोडं या जिवाबद्दल

पिल बग हा किडा नाही. तो कोळंबी-खेकड्यांच्या जातकुळीतला, जमिनीवर राहायला आलेला जीव आहे, पायांच्या सात जोड्या, आणि श्वास घ्यायचे अवयव पोटाखाली मागच्या बाजूला. उलटा करून पाहिलात तर तिथे पांढरे ठिपके दिसतात, तीच त्याची हवा घ्यायची जागा. ती ओलसर राहिली तरच त्याला श्वास घेता येतो, म्हणून सुक्या टाकीत तो तहानेने नाही तर गुदमरून जातो असं म्हटलं तरी चालेल.

आता कात. पिल बग एकदम सगळी कात टाकत नाही, आधी मागचा अर्धा भाग आणि मग एक-दोन दिवसांनी पुढचा. मधल्या वेळेत तो दोन रंगांचा दिसतो, नवीन माणूस घाबरतो की काही रोग झाला का, तर नाही, ते अगदी नॉर्मल आहे. कातीच्या आधी पुढच्या भागाच्या खालच्या बाजूला पांढरट चकत्या दिसतात, तिथे तो कॅल्शियम साठवून ठेवतो आणि नवीन कवच घट्ट करायला वापरतो. टाकलेली कात बऱ्याचदा खाऊनही टाकतो, तेव्हा ती काढून टाकू नका. नवीन कवच घट्ट होईपर्यंत तो मऊ असतो, नीट गोळीही होऊ शकत नाही, आणि शेजारी भुकेला रातकिडा असेल तर संपलं.

हेच उलट्या बाजूनेही लागू आहे. गोगलगाय वगळली तर सोबतीचे बहुतेक जीव कात टाकतात, वाणी (मिलिपीड), टॅरांटुला (मोठा केसाळ कोळी), मॅन्टिस (पुढचे पाय जोडून बसणारा शिकारी किडा), गेको सगळेच. आणि आयसोपॉड जरी मुख्यतः कुजलेली पानं आणि लाकूड खाणारे असले तरी त्यांना प्रोटीन लागतं, ते मिळालं नाही तर समोर जे मऊ आणि न हलणारं असेल त्याला तोंड लावतात.

पहिली पायरी: आपल्याकडे नक्की कोणता आहे ते ओळखा

सगळे आयसोपॉड सारखे नाहीत, आणि नवीन लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पूर्ण गोळी होतो तो पिल बग, आर्मडिलिडियम वल्गेर हा त्यातला सगळ्यात कॉमन, साधारण 15 ते 18 मिलिमीटरपर्यंत वाढतो, चालीला संथ, स्वभावाने शांत. पोर्सेलिओ गटातले चपटे असतात, गोळी होत नाहीत, पळतात जोरात आणि खायलाही हावरट. डेअरी काऊ नावाने जे काळे-पांढरे विकतात ते पोर्सेलिओ लेव्हिस, दिसायला फार छान पण प्रोटीनची भूक प्रचंड, त्यांना मी कुठल्याही सोबतीच्या टाकीत घालत नाही आणि तुम्हीही घालू नका. पावडर ब्लू किंवा पावडर ऑरेंज चपळ, भराभर वाढणारे, थोडा सुकेपणाही सहन करतात. आणि ड्वार्फ व्हाइट, म्हणजे ट्रायकोरायना टोमेंटोसा, जेमतेम 3-4 मिलिमीटरचे, मातीतच राहतात आणि त्यांच्यात नराची गरजच पडत नाही, माद्या एकट्याच पिल्लं देतात. दुसऱ्या प्राण्याच्या टाकीत साफसफाईला हेच सगळ्यात बिनधोक.

अजून एक गोंधळ होतो. गोळी होणारा प्रत्येक जीव पिल बग नसतो, पिल मिलिपीड नावाचा वाणीचा एक प्रकारही तशीच गोळी करतो. फरक सोपा आहे, उघडल्यावर पाय बघा, सात जोड्या असतील तर पिल बग, त्याहून खूप जास्त असतील तर पिल मिलिपीड. शिवाय पिल मिलिपीडच्या मागच्या टोकाला एकच मोठी गुळगुळीत ढाल असते, पिल बगला तिथे बारीक बारीक पट्टे असतात. पिल मिलिपीड पाळायला अवघड आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करू नका, सापडला असेल तर होता तिथेच परत ठेवा.

दुसरी पायरी: टाकी आधी एकट्या पिल बगसाठी जमवा

पाहुणा नंतर. आधी पिल बग आणि स्प्रिंगटेल एवढेच दोन ते तीन महिने राहू द्या. स्प्रिंगटेल म्हणजे ते पांढरे बारीक उड्या मारणारे, बुरशी खातात, कोणालाच त्रास देत नाहीत, माझ्या मते त्यांच्याशिवाय टाकी सुरूच करू नये.

एकट्या पिल बगना 5-6 लिटरचा डबा पुरतो, दहा-पंधरा जिवांनी सुरुवात केली तरी बस. सोबत कोणी ठेवायचं असेल तर निदान 40 लिटर, म्हणजे 45 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरची टाकी धरा, कारण लपायला जागा कमी पडली की सगळी गणितं बिघडतात. माती 6 ते 8 सेंटिमीटर खोल, त्यात कोकोपीट, खत न घातलेली साधी माती, कुजून पांढरं मऊ पडलेलं लाकूड आणि चुरलेली सुकी पानं. वर पानांचा जाड थर, दोन-तीन बोटं तरी. ही पानं म्हणजे सजावट नाही, तेच त्यांचं रोजचं जेवण आहे, त्यामुळे थर कमी दिसायला लागला की भर घालायची. देवदार, पाइन, निलगिरी असल्या तीव्र वासाच्या झाडांची पानं किंवा लाकूड घेऊ नका. फवारणी झालेल्या झाडांची तर अजिबातच नाही, आणि तांब्याचं काही टाकीत ठेवू नका, काही बुरशीनाशकांत तांबं असतं ते या जिवांना विष ठरू शकतं.

बाहेरून आणलेली पानं उकळत्या पाण्यातून काढून सुकवून मगच घाला. हे मी कळकळीने सांगतोय, कारण पानांबरोबर काय येईल सांगता येत नाही. डिस्डेरा क्रोकाटा नावाचा एक कोळी आहे, लालसर अंग, फिकट पिवळट पोट, लांबलचक दात, तो खास आयसोपॉडच मारून खातो. आणि छोटी गोम आली तर ती मातीत लपून एकेक पिल्लू संपवते आणि तुम्हाला वाटतं की वाढ का होत नाहीये.

ओलावा सगळीकडे सारखा करू नका. टाकीचा एक तृतीयांश भाग ओला, तिथे मॉस (शेवाळासारखी वनस्पती) दाबून बसवायचं आणि पाणी तिथेच घालायचं, बाकीचा भाग हाताला जेमतेम गार लागेल इतपत. मग ज्याला जे हवं तिकडे तो जातो. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा, क्लोरीन उडून जातं, मात्र क्लोरामाइन घातलेलं पाणी नुसतं ठेवून सुधारत नाही, त्याला फिशटँकवाले वापरतात ते कंडिशनर लागतं. झाकणाला आणि एका बाजूला जाळी हवी, कारण आयसोपॉड त्यांचा अमोनिया वायूच्या रूपात बाहेर टाकतात, बंद डब्यात तो साचतो, वर ओली माती सडते आणि एके दिवशी सगळे वर चढून बसलेले दिसतात. तापमान 20 ते 27 अंश सेल्सिअस, उन्हात टाकी नको.

कॅल्शियम कायम ठेवलेलं हवं, अंड्याच्या टरफलाचा चुरा किंवा कटलबोन (कटलफिश या समुद्री जिवाचं आतलं कवच), काहीही चालेल.

तिसरी पायरी: कोण चालेल, कोण नाही

सोप्यापासून सुरू करतो. गांडूळ चालतं, पण माती खोल असेल तरच. उथळ डब्यात गांडुळं सगळी पानं खाली ओढून चिखल करतात आणि पिल बगला तो ओलेपणा मानवत नाही.

गोगलगाय ही माझी आवडती सोबत, छोट्या जातीची, पानं खाणारी. दोघांनाही कॅल्शियम लागतं, दोघांनाही ओलावा लागतो, एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. फक्त गोगलगायीला थोडी जास्त ओल आणि चढायला काच किंवा फांदी द्या म्हणजे तिला निवांत जागा मिळते. अडचण अंड्यांची. माझ्या टाकीत एकदा मॉसखाली अंड्यांचा पुंजका दिसला, खूप आनंद झाला, म्हटलं राहू दे तिथेच, आणि तिसऱ्या दिवशी तिथे चार-पाच रिकामी टरफलं उरली होती. पिल्लं हवी असतील तर अंडी चमच्याने उचलून वेगळ्या डब्यात ठेवायची, नको असतील तर मात्र ही आपोआप होणारी सोयच आहे कारण गोगलगायी फार भराभर वाढतात. काही मोठ्या गोगलगायी पाळायला बऱ्याच देशांत बंदी आहे आणि काही गोगलगायी दुसऱ्या गोगलगायी मारून खाणाऱ्या असतात, तेव्हा नाव नक्की माहीत असल्याशिवाय आणू नका.

वाणी म्हणजे मिलिपीड. याबद्दल लोक दोन्ही टोकांचं बोलतात, कोणी म्हणतं बिनधास्त ठेवा, कोणी म्हणतं कधीच नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत कारण ते कोणत्या आयसोपॉडबरोबर यावर ठरतं. वाणी मातीत खोल एक पोकळी करून त्यात कात टाकतो, मोठ्या जातींना यात काही आठवडे लागतात, आणि तेवढा काळ तो अगदी असहाय असतो. ड्वार्फ व्हाइट किंवा थोडेसे पिल बग असतील आणि त्यांना खायला भरपूर असेल तर सहसा काही होत नाही, पण मोठ्या पोर्सेलिओंची गर्दी असेल तर ते त्या पोकळीपर्यंत पोचतात. माती निदान वाण्याच्या लांबीएवढी खोल ठेवा, आणि तो दिसत नाही म्हणून उकरून शोधायला जाऊ नका, कातीच्या वेळी पोकळी फोडली तर तो मरू शकतो. दोघांचं खाणं एकच आहे हेही लक्षात घ्या, पानं आणि कुजलेलं लाकूड दुप्पट लागेल. आणि महत्त्वाचं, वाणी घाबरला की अंगातून तीव्र रसायन सोडतो, काही जातींत तर त्यात सायनाइड असतं, त्यामुळे टाकी साफ करताना किंवा नेताना वाणी आणि पिल बग एकाच छोट्या बंद डबीत कधीही भरू नका.

छोटे बेडूक, डार्ट फ्रॉगसारखे, यांच्याबरोबर गणित वेगळं आहे. ते स्प्रिंगटेल आणि आयसोपॉडची पिल्लं खाणारच, आणि तेच अपेक्षित आहे, चालता-फिरता खाऊ. इथे ड्वार्फ व्हाइट घाला, ते मातीत लपून वाढत राहतात म्हणून संपत नाहीत. मोठे भेक मात्र समोर हललं ते गिळतात, तिथे हौसेने आणलेले महागडे पिल बग सोडू नका.

गेकोमध्ये क्रेस्टेड गेकोची टाकी ओलसर असते, तिथे पिल बग छान राहतात. लेपर्ड गेकोची टाकी सुकी, तिथे ते फक्त त्याच्या ओल्या गुहेत टिकतील, आणि तिथेही पावडर ऑरेंज जास्त बरे. गेको अंडी घालत असेल तर अंडी लगेच वेगळी काढायची. गेको आजारी असेल, जखम असेल, अशक्त असेल तर त्याला तळाला साधा कागद अंथरलेल्या डब्यात हलवा, आयसोपॉडबरोबर ठेवू नका. आणि डॉक्टरांनी माइट्सचं (गोचिडासारख्या अतिबारीक जिवांचं) औषध फवारायला दिलं तर त्याने आयसोपॉडही मरतील, आधी त्यांना बाहेर काढा, पण ते काढलेले आयसोपॉड दुसऱ्या प्राण्याच्या टाकीत घालू नका, आजार त्यांच्याबरोबर जाऊ शकतो.

टॅरांटुला पाठीवर पडून कात टाकतो आणि कितीतरी तास हलत नाही, तिथे ड्वार्फ व्हाइटशिवाय दुसरं काही नको. मॅन्टिस वरती लटकून कात टाकतो म्हणून खालच्यांपासून वाचतो, खाली पडला तरच धोका, तेव्हा वर धरायला जाळी किंवा फांदी नीट हवी.

रातकिडे, झुरळं, गोम, यांना नाही म्हणा. गेकोला खायला टाकलेले रातकिडे उरले तर त्याच संध्याकाळी बाहेर काढा, ते रात्रभर कात टाकणाऱ्या पिल बगला कुरतडतात आणि झोपलेल्या गेकोलाही चावतात.

राहता राहिले दोन जातींचे आयसोपॉड एकत्र ठेवणं. दिसायला छान दिसतं, मोह होतो, पण जी जात भराभर वाढते ती हळूहळू दुसरीला खाऊन-पिऊन मागे टाकते. पावडर ब्लू आणि पिल बग एकत्र ठेवले तर शेवटी पावडर ब्लूच उरतील. वेगळे डबे ठेवा.

चौथी पायरी: नवीन जीव थेट टाकीत नाही

निदान 30 दिवस वेगळ्या डब्यात. कंटाळा येतो, मला माहितीये, पण यात एकदाही सूट घेऊ नका. बाहेरून पकडलेल्या पिल बगमध्ये इरिडोव्हायरस असू शकतो, त्याने पिल बग चक्क निळा-जांभळा चमकदार होतो, बघायला सुंदर दिसतो आणि काही काळात मरतो, याच्यावर औषध नाही. मुळातच निळसर रंगाच्या जाती विकत मिळतात त्या वेगळ्या, राखाडी पिल बग अचानक निळा पडायला लागला तर तो लगेच बाजूला करा. शिवाय काही परजीवी जंत पिल बगच्या आत वाढतात, त्यातला एक तर त्याला दिवसाढवळ्या उघड्यावर फिरायला लावतो म्हणजे पक्षी त्याला खाईल आणि जंत पक्ष्याच्या पोटात पोचेल. म्हणून बाहेरून पकडलेले पिल बग पाळीव प्राण्याच्या टाकीत किंवा खाऊ म्हणून कधीच नाही.

पाचवी पायरी: सोडताना

संध्याकाळी सोडा, आधी टाकीत प्रोटीनचा खाऊ टाकून ठेवा, म्हणजे जुने सगळे तिकडे जमतात आणि पाहुण्याला पानांत शिरायला वेळ मिळतो. एका वेळी एकच जात सोडा आणि मग महिनाभर बाकी काही बदलू नका, नाहीतर काही बिघडलं तर कशामुळे ते कळणारच नाही. पाहुण्याने नुकतीच कात टाकली असेल किंवा टाकायच्या बेतात असेल तर थांबा, त्याला घाई नाहीये.

सहावी पायरी: खाणं, जिथे सगळं ठरतं

पानं आणि लाकूड कायम, हे सांगून झालं. आठवड्यातून एकदा-दोनदा काकडी, गाजर, भोपळ्याची पातळ चकती, 24 ते 48 तासांत उरलेली बाहेर. आणि प्रोटीन, आठवड्यातून एकदा, मासे खातात ते फ्लेक्स किंवा सुकवलेली बारीक कोळंबी, चिमूटभर. किती म्हणजे चिमूटभर? दुसऱ्या दिवशी सकाळी संपलेलं दिसलं पाहिजे. दोन तासांत तुटून पडून संपवत असतील तर कमी पडतंय, दोन दिवसांनी बुरशी धरून पडलं असेल तर जास्त झालं. जास्त झालं की पांढरे बारीक माइट्स येतात, ते बहुतेक वेळा उरलेल्या खाण्यावर जगणारे असतात, खाणं बंद करून टाकी थोडी सुकवली की कमी होतात. त्यांना खाणारे शिकारी माइट्सही मिळतात पण ते स्प्रिंगटेलही खातात, मी तो उपाय अगदी शेवटी ठेवतो.

सोबतीचा जीव कात टाकणार असं वाटलं, म्हणजे तो खायचा बंद झाला, रंग फिका पडला, लपून बसला, तर त्या आठवड्यात प्रोटीन थोडं वाढवा आणि त्याच्यापासून लांब, टाकीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. ही एवढीशी गोष्ट आहे पण मी हे करायला लागल्यापासून माझ्याकडे कुरतडण्याचा एकही प्रकार झालेला नाही.

बघत राहायचं म्हणजे काय बघायचं

रात्री लाल किंवा मंद टॉर्च घेऊन दहा मिनिटं बसा, दिवसा काहीच कळत नाही. पिल बग दिवसा काचेवर चढत असतील तर टाकी फार ओली झालीये किंवा हवा कोंडलीये. सगळे मॉसखाली एकावर एक जमले असतील तर सुकलीये. पिल्लं दिसतायत का बघा, ती पांढरी, इवलीशी, जन्मतः पायांच्या सहाच जोड्या असलेली, आईच्या पोटाखालच्या पिशवीतून बाहेर येतात आणि पुढे कात टाकली की सातवी जोडी येते. पिशवी भरलेली मादी खालून पिवळट-पांढरी फुगलेली दिसते, तिला हातात घेऊन खेळवू नका. मोठे आहेत पण महिनोन्महिने पिल्लू एकही नाही, तर कोणीतरी खातंय, पाहुणा तरी किंवा पानांतून आलेला चोर तरी.

पाहुण्याच्या अंगावर आयसोपॉड बसलेला दिसला म्हणून लगेच घाबरायचं नाही, ते सगळ्यावरूनच चालतात. पण तीन-चार जण एकाच जागी बराच वेळ चिकटून बसले असतील किंवा तिथे ओरखडा दिसत असेल तर त्याच क्षणी पाहुण्याला बाहेर काढा, विचार नंतर करा.

आणि संख्या. खायला चांगलं मिळालं की पिल बग वाढतात, वर्षभरात पंधराचे शंभर-दोनशे सहज होऊ शकतात, आणि गर्दी झाली की शांत जातही हावरट होते. काकडीची चकती ठेवायची, रात्री तिच्यावर जमलेले चकतीसकट उचलून दुसऱ्या डब्यात टाकायचे, दर दोन महिन्यांनी एकदा हे केलं की पुरतं. हा दुसरा डबा पहिल्या दिवसापासूनच ठेवा, वीसेक पिल बग, त्यात पाहुणा कोणीही नाही, म्हणजे मोठ्या टाकीत काही झालंच तर पुन्हा सुरुवात करायला आपलेच जीव हाताशी असतात. जास्तीचे कोणाला पाळायला द्या, बाहेर बागेत मात्र सोडू नका, विकत आणलेली जात तिथली नसते आणि तिच्याबरोबर काय आजार जाईल ते आपल्याला दिसत नाही. द्यायला कोणी मिळालं नाही तर डबा फ्रीझरमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांनी टाकून द्यावा लागतो, मला ते जड जातं, म्हणून मी चकतीचं काम वेळेवर करतो.